सायकलची वाट जिथे तुटते

सकाळी सहा-साडेसहाला साताऱ्याच्या रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलवाले दिसतात. एक, यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालेले: डोक्यावर हेल्मेट, खाली गियरची सायकल, मागे लुकलुकणारा लाल दिवा. दुसरे, पेपर टाकणारी पोरं, कोडोलीच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले कामगार आणि दप्तर कॅरियरला अडकवून क्लास गाठणाऱ्या मुली. यांच्या सायकलीला दिवा सोडाच, मागचा रिफ्लेक्टरही धड नसतो. सांगलीत हेच चित्र, फक्त घाटाऐवजी सपाटी आणि कोडोलीऐवजी कुपवाड. सायकल मार्गिकांची मागणी बहुतेक वेळा पहिल्या गटाकडून होते, गरज मात्र दुसऱ्याला जास्त असते. पहिला गट रस्ता निवडतो आणि वेळही निवडतो. दुसऱ्याला ऐन गर्दीत, ठरलेल्या रस्त्यानेच जावं लागतं.

मार्गिका वेगळी केली की सायकलवाल्याचा जीव खरोखर वाचतो का, हे अनेक देशांत तपासून झालं आहे. उत्तर ‘हो’ असंच आहे. पण ते अटीसकट येतं, आणि ती अट आपल्या चौकांत येऊन अडते.

संरक्षित कशाला म्हणायचं

कडेला पांढरा पट्टा ओढून त्यावर सायकलचं चित्र काढलं की कागदावर मार्गिका तयार होते. रस्त्यावर ती होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्यावर छोटा हत्ती उभा राहतो, तिसऱ्या दिवशी फळांची गाडी लागते आणि सायकलवाला त्यांना वळसा घालायला पुन्हा मोटारींच्या मध्ये शिरतो. पट्टा नसता तर तो निदान एका रेषेत गेला असता. आता तो मागच्या चालकाच्या दृष्टीने अचानक आडवा येतो.

संरक्षित मार्गिका म्हणजे मध्ये काहीतरी ठोस असलेली. सिमेंटचा कठडा, झाडांची पट्टी, रोवलेले खांब, किंवा मार्गिकाच रस्त्यापेक्षा चार-सहा इंच उचललेली. मोटारीचं चाक तिकडे सरकलं तर चालकाला धक्का जाणवला पाहिजे, ही साधी कसोटी. पदपथ म्हणजेही सायकल मार्गिका नव्हे. एकाच फरशीवर आजोबा आणि सायकल सोडली की दोघांचंही नुकसान.

मानकं आपल्याकडे नाहीत असं मात्र नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकचं मानक १९६२ सालीच काढलं. आयआरसी ११ हा त्याचा क्रमांक, आणि २०१५ मध्ये ते सुधारलंही. मूळ मानकात ट्रॅकची किमान रुंदी दोन मीटर धरली होती. गर्दीच्या तासाला रस्त्यावरून दोनशेहून जास्त मोटारवाहनं जात असतील तर तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो, असंही त्यात म्हटलं होतं. दोनशे वाहनं म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावर आज काही मिनिटांचा हिशेब. गोची त्या शंभर सायकलींपाशी होते. रस्त्याची धास्ती घेऊन घराघरांतून सायकल हद्दपार झाली, आणि आता सायकली दिसत नाहीत म्हणून ट्रॅकची गरज नाही असं सांगता येतं.

आकडे आणि त्यांचे खाचखळगे

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात १५,२२४. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात मृत सायकलस्वारांची संख्या ४,८३६ आहे, म्हणजे शंभरात जेमतेम तीन. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत, शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सायकल तर सुरक्षितच आहे’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी अंतराचा विचार केलेला नसतो. सायकलवाला दोन-चार किलोमीटर जातो, मोटारसायकलवाला वीस-तीस. शिवाय या दोन नोंदींत अकरा वर्षांचं अंतर आहे आणि तेवढ्या काळात कितीतरी घरांतली सायकल जाऊन स्कूटी आली. तिसरी गोष्ट, या नोंदी पोलिसांकडून येतात. कट मारून गाडी निघून गेली, सायकलवाला पडला, मनगट मोडलं, शेजाऱ्याने दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. गाडीचा नंबरच नाही, तक्रार कुणाविरुद्ध करायची? तो अपघात कुठल्याच रकान्यात जात नाही.

म्हणून परदेशातल्या संशोधकांनी दवाखान्यांपासून सुरुवात केली. कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हर शहरांत के टेश्के आणि सहकाऱ्यांनी अपघातात जखमी झालेल्या ६९० सायकलस्वारांना गाठलं. ज्या जागी अपघात झाला ती जागा आणि त्याच माणसाच्या त्याच फेरीतली दुसरी कुठलीही जागा, अशी तुलना केली. पद्धत मोठी चलाख आहे. माणूस तोच, सायकल तीच, हवामानही तेच, बदलला तो फक्त रस्ता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कडेला गाड्या लावलेल्या आणि सायकलसाठी काहीच सोय नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत वेगळ्या काढलेल्या ट्रॅकवर जखमी होण्याचा धोका साधारण एक-नवमांश होता. त्याआधी, २०११ मध्ये, माँट्रियलच्या अभ्यासात फरक इतका मोठा दिसला नव्हता. तिथे ट्रॅकवर जखमी होण्याचं प्रमाण तुलनेच्या रस्त्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आलं. शहर बदललं, पद्धत बदलली, की फरकाचा आकार बदलतो.

अमेरिकेतल्या १२ मोठ्या शहरांची १३ वर्षांची आकडेवारी तपासणारा मार्शल आणि फेरेंचाक यांचा २०१९ चा अभ्यास मला आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. ज्या शहरांत वेगळ्या काढलेल्या मार्गिका जास्त, तिथे फक्त सायकलवालेच नव्हे, मोटारवाले आणि पायी जाणारेही कमी मेले. नुसत्या रंगवलेल्या पट्ट्यांनी असा लाभ दिसला नाही. एक कारण उघड आहे: कठडा आला की मोटारींचा रस्ता थोडा आवळतो आणि वेग आपोआप उतरतो. नगरसेवकाला पटवायचं असेल तर हा मुद्दा पुढे करावा. ‘सायकलवाल्यांसाठी’ म्हटलं की मतं मोजली जातात. ‘सगळ्यांसाठी’ म्हटलं की निदान ऐकून घेतलं जातं.

मागून येणारी धडक

ट्रॅक ज्या अपघातापासून सर्वांत चांगलं वाचवतो तो म्हणजे मागून बसणारी धडक. आणि ती सातारा-सांगली पट्ट्यात कशी बसते, हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

गळीत हंगाम सुरू झाला की माधवनगर रस्त्याने सांगलीच्या वसंतदादा कारखान्याकडे आणि महामार्गालगत शेंद्र्याला अजिंक्यतारा कारखान्याकडे ट्रॅक्टरांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. मोळ्या अशा रचलेल्या, की उसाची टोकं ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली. पुढची ट्रॉली ड्रायव्हरच्या हुकमतीत असते, मागची आपल्या मनाने झुलते. टेपवर गाणं मोठ्याने लावलेलं, त्यात इंजिनाची धडधड; सायकलची घंटी त्याच्या कानापर्यंत जाण्याची शक्यता शून्य. रात्री मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. कारखाने दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या सूचना काढतात, आणि चिखल आणि धुळीने ते चार दिवसांत आंधळे होतात.

आता सायकलवाला कुठे आहे ते पाहा. तो डांबराच्या अगदी कडेला आहे. डावीकडे साइडपट्टी, म्हणजे मुरूम भरलेली कड, आणि पावसाने मुरूम वाहून गेल्यामुळे डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर पायरी पडलेली. पुढचं चाक त्या पायरीवरून उतरलं की सायकल उजवीकडे कलंडते, म्हणजे नेमकी ट्रॉलीच्या चाकाखाली. इथे चूक कुणाची हे ठरवत बसण्यात अर्थ नाही. दोघांना एकाच पट्ट्यात ठेवणं हीच रचनेची चूक आहे.

वेगाचं गणितही लक्षात ठेवण्याजोगं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, आणि चालकाला दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग ३० चा ६० झाला तर धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून नेदरलँड्ससारख्या देशांत साधा दंडक आहे: वेग तीसच्या आत असेल तर सायकल आणि मोटार एकत्र चालू शकतात, त्यापुढे त्यांना वेगळं करा. तिथेही हे शहाणपण आपसूक आलेलं नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, बालहत्या थांबवा अशी चळवळ उभी राहिली, मग नकाशे बदलले.

चौकात काय होतं

आता सुरुवातीला म्हटलेली ती अट: मार्गिकेबरोबर चौकही सुरक्षित हवा. कोपनहेगन म्हणजे सायकलवाल्यांची पंढरी. तिथल्याच सायकल ट्रॅकचा आधी आणि नंतर असा अभ्यास सोरेन येन्सन यांनी केला, तेव्हा अनेकांना न रुचणारा निष्कर्ष निघाला. ट्रॅक बांधल्यावर सायकलींची वर्दळ १८ ते २० टक्क्यांनी वाढली, पण अपघात आणि जखमीही ९ ते १० टक्क्यांनी वाढले. चौक ते चौक अशा सलग तुकड्यात अपघात घटले होते. वाढले ते चौकांत आणि गल्लीच्या तोंडांशी. कठड्यामागे गेलेला सायकलवाला मोटारवाल्याच्या नजरेतूनही जातो, आणि चौकात अचानक पुढे उगवतो.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे घातक वळण डावं. ट्रक सिग्नलला थांबला आहे, सायकलवाला कडेकडेने पुढे येऊन त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिला. सिग्नल सुटला, सायकल सरळ निघाली, ट्रक डावीकडे वळला. केबिनमध्ये उंचावर बसलेल्या ड्रायव्हरला डाव्या दाराखालचा माणूस दिसतच नाही. पुढचं चाक वळसा घेऊन जातं, मागचं चाक आतून कापत येतं. पुढचं चाक चुकलं म्हणून सुटकेचा श्वास सोडलेला माणूस मागच्याखाली सापडतो.

यावरचे उपाय महाग नाहीत. वळणाचा कोपरा आवळायचा, म्हणजे गाडीला सुसाट वळताच येणार नाही. आपल्याकडे ‘ट्रॅफिक मोकळं करण्यासाठी’ चौकाचे कोपरे गोलसर कापून फ्री लेफ्ट देतात. सायकलवाल्याच्या दृष्टीने याहून वाईट सुधारणा नाही. दुसरं, सायकल मार्गिका चौकात एखाद्या मोटारीच्या लांबीइतकी आत घ्यायची, म्हणजे वळलेली गाडी सायकलच्या समोर जवळजवळ काटकोनात येते आणि ड्रायव्हरला ती काचेतून दिसते, आरशात शोधावी लागत नाही. तिसरं, गल्लीच्या तोंडाशी मार्गिका खाली उतरवायची नाही. गल्लीतल्या गाडीनेच चढून, हळू होऊन पलीकडे जायचं. आणि सायकलींसाठी थांबारेषा मोटारींच्या दोन-तीन मीटर पुढे.

सांगलीच्या विश्रामबाग चौकात किंवा मिरजेच्या एखाद्या तिकाटण्यावर उभं राहून पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते, जी डच पुस्तकांत नाही: वडाप, म्हणजे मिळतील तिथे प्रवासी भरणारी रिक्षा. रिक्षा चौकाच्या मुखाशीच थांबते, कारण गिऱ्हाईक तिथेच. तिच्या मागे दुसरी, मग एस.टी. अंग चोरून बाहेरून उभी राहते आणि उतरणारे प्रवासी थेट सायकलच्या वाटेत पाय टाकतात. वडापला हाकलून उपयोग नसतो; लोकांना ती हवी असते. तिला चौकापासून तीस-चाळीस मीटर पुढे स्वतःचा थांबा द्यावा लागतो. बसथांब्यापाशी मार्गिका थांब्याच्या मागून न्यावी लागते, म्हणजे प्रवासी बस आणि सायकल यांच्यामधल्या ओट्यावर उभे राहतात.

अमेरिकेत वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि पोर्टलंडमधल्या जखमींवरून झालेल्या अभ्यासातही हाच धागा सापडतो. आडवे फाटे नसलेल्या जागी, उदाहरणार्थ पुलांवर, वेगळ्या मार्गिका फारच सुरक्षित ठरल्या. रस्त्याच्याच पातळीवर, एकाच बाजूला दोन्ही दिशांनी सायकली सोडणाऱ्या मार्गिका मात्र धोक्याच्या निघाल्या, कारण प्रत्येक फाटकातून आणि गल्लीतून गाडी आडवी येते. कृष्णेपलीकडच्या सांगलीवाडीहून शहरात येणाऱ्या शाळकरी मुलाला हे लागू होतं. १९२९ चा आयर्विन पूल अरुंद आहे, पण त्यावर आडवी गल्ली नाही. कृष्णा ओलांडणाऱ्या कुठल्याही पुलावर दीड-दोन मीटरची अखंड, कठड्याआडची पट्टी काढली तर तेवढ्याच लांबीच्या बाजारपेठेतल्या मार्गिकेपेक्षा तिचा लाभ कितीतरी जास्त.

पुण्याचा धडा

सातारा-सांगलीची पोरं शिकायला पुण्याला जातात आणि तिथून सायकल ट्रॅकबद्दलचं मत घेऊन परत येतात: ‘काही उपयोग नाही, त्यावर गाड्याच लागतात.’ मत चुकीचं नाही. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकांच्या काळात, २००६ च्या आसपास, सातारा रस्त्यासारख्या मार्गांवर ट्रॅक बांधले गेले. मध्येच विजेचा खांब, मध्येच झाड, पुढे टपरी, दुकानापुढे उतार, आणि फरशीच्या ठोकळ्यांवरून सायकल खडखडत जाणार. चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे जिथे गरज कमी तिथे ट्रॅक, आणि जिथे जीव मुठीत घ्यायचा तिथे काहीच नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या. पेडल, ओफो, मोबाइक अशी नावं वर्षभर रस्त्यांवर दिसली आणि एकेक करून ओसरली. सायकली सहज आणता येतात, रस्ता आणता येत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये बांधलेल्या ट्रॅकचीही तीच गत. कार्यालयांच्या संकुलात फिरणारा तो ट्रॅक माणूस जिथून येतो त्या रेल्वे स्थानकांशी नीट जोडलेलाच नव्हता.

२०२० मध्ये टाळेबंदीनंतर केंद्र सरकारने शहरांसाठी सायकल स्पर्धा जाहीर केली, त्यात पहिल्या अकरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड आले. त्या उपक्रमातली एक पद्धत मला पटते: आधी प्लास्टिकचे शंकू आणि रंग लावून तात्पुरती मार्गिका करायची, लोक कसे वागतात ते पाहायचं, मग सिमेंट ओतायचं. चुकलं तर शंकू उचलायचे. आपल्याकडे आधी टेंडर निघतं, विचार नंतर होतो.

स्पेनमधलं सेव्हिल हे उलट उदाहरण. तिथे २००६ नंतरच्या चार-पाच वर्षांत शंभर किलोमीटरहून जास्त संरक्षित मार्गिका एकमेकींना जोडूनच बांधल्या. सायकलफेऱ्या अनेक पटींनी वाढल्या आणि दर फेरीमागचा धोका घटला. तुकडे बांधले असते तर हे झालं नसतं.

शंभर फुटी रस्त्याचा हिशेब

‘जागा कुठे आहे?’ हा हमखास प्रश्न. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यापुरतं तरी उत्तर देता येतं. नावाप्रमाणे शंभर फूट धरले तर ३० मीटर होतात. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन मीटर पदपथ, दोन मीटर सायकल मार्गिका आणि ६० सेंटिमीटरचा कठडा. मोटारींना दोन्ही दिशांना सव्वातीन मीटरच्या दोन-दोन लेन. मध्ये सव्वा मीटरचा दुभाजक. बेरीज साडेतेवीस मीटरच्या आत बसते. उरलेल्या सहा-सात मीटरांत गटार, झाडं, बसथांबे, एका बाजूला पार्किंग. कठडा ६० सेंटिमीटरचा का, तर शेजारी उभ्या मोटारीचं दार उघडलं तरी ते सायकलवाल्याच्या अंगावर येऊ नये म्हणून.

जागा आहे. ती सध्या उभी आहे, चारचाकीच्या रूपात, दुकानाच्या फळीच्या रूपात आणि गणपतीत मांडवाच्या रूपात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. खांब रोवून रिक्षा अडवता येते, स्कूटर नाही. सायकल जिथून जाईल तिथून स्कूटरही जाते, आणि खांब त्याहून जवळ रोवले तर अपंगांची तीनचाकी सायकल अडकते. आपल्या शहरांत मार्गिकेत घुसणारी पहिली गाडी दुचाकीच असणार. इथे रचना अर्धं काम करते, उरलेलं वाहतूक हवालदाराला करावं लागतं, निदान पहिले काही महिने.

साताऱ्याचा उतार

साताऱ्याला सांगलीचा नकाशा लागू करू नये. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतार आहे, आणि राजपथ म्हणजे वरचा रस्ता, कर्मवीर पथ म्हणजे खालचा रस्ता, दोन्ही जुन्या पेठांतून जाणारे. तिथे दोन्हीकडे दोन-दोन मीटर काढायला गेलं तर मोती चौकातली दुकानं पाडावी लागतील. ते कुणी करणार नाही, करूही नये.

पण उतारामुळेच एक तोडगा निघतो. चढावर सायकलवाला ताशी सात-आठच्या वेगाने, उभा राहून पॅडल मारत, हेलकावे खात जातो. त्याला जागा जास्त लागते आणि मागची गाडी त्याच्यावर चरफडते. उतारावर तोच माणूस रिक्षाच्या वेगाने येतो. मग जी एकच पट्टी बसते ती चढाच्या अंगाला द्यावी आणि उताराच्या बाजूला सगळ्यांचाच वेग तीसच्या आत ठेवावा.

पोवई नाक्यावर संधी मोठी आहे. २०२१ च्या सुरुवातीला तिथला ग्रेड सेपरेटर वाहतुकीसाठी खुला झाला आणि थेट पुढे जाणारी वाहनं भुयारातून जाऊ लागली. भुयार सायकलसाठी नाही. उतार, अंधार आणि बंदिस्त भिंतींत वेगाने येणाऱ्या गाड्या, तिथे सायकल घालणं म्हणजे आत्मघात. पण खाली गेलेल्या गाड्यांमुळे वर जी जागा मोकळी झाली ती सायकल आणि पायी माणसाची आहे, असं कुठल्या तरी नकाशावर लिहून ठेवायला हवं. नाही लिहिलं तर ती जागा पार्किंग गिळतं.

जाळी, गाळ आणि दिवे

मार्गिका बहुधा गटारावरून किंवा त्याच्या कडेने जाते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेने उभ्या असतील तर पुढचं चाक त्यात रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी आडवी बसवली की काम झालं. याला वेगळा निधी लागत नाही, बसवणाऱ्याला एकदा सांगावं लागतं. सांगलीत २००५, २०१९, २०२१ अशा महापुरांनंतर रस्त्यांवर गाळाचा थर राहिला. मुख्य रस्ता वाहनांच्या चाकांनी स्वच्छ होतो, कठड्यामागची मार्गिका होत नाही. ती झाडायला माणूस नेमलेला नसेल तर बांधूच नये. काळ्या मातीत भर नीट दाबली नाही तर ट्रॅक वर्षभरात लाटांसारखा होतो, हे सांगलीकरांना रस्त्यांवरून माहीत आहेच.

कायदा कुणाकडे बोट दाखवतो

जुन्या पिढीला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवत असेल. कर भरला की बिल्ला मिळे, आणि डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडी. सायकलवाल्याने काय करू नये याची शिस्त तेव्हा कडक होती. त्याला काय मिळावं याची चर्चा क्वचितच.

आजचा कायदा त्या मानाने बरा आहे. पदपथावर किंवा सायकल ट्रॅकवर मोटारवाहन चालवू नये, हे १९८९ च्या रस्ता नियमांतही होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. ठरलेली मानकं न पाळता रस्ता आखला, बांधला किंवा राखला आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण त्यामुळे आयआरसीचं मानक दाखवून जाब विचारायला जागा मिळते. अडचण अशी, की रस्ता कुणाचा हेच आधी शोधावं लागतं. महापालिका, सार्वजनिक बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग: एकाच चौकाच्या तीन बाजू तीन खात्यांच्या असू शकतात, आणि मार्गिका तुटते ती बरोबर त्या हद्दीवर.

सुरुवात कुठून

माझं मत विचाराल तर किलोमीटरने मोजायचं सोडून द्यावं. ‘शहरात दहा किलोमीटर ट्रॅक’ अशी घोषणा झाली की तो ट्रॅक जिथे सोपा आहे तिथेच होतो. त्यापेक्षा एक शाळा धरावी. तिच्यापासून दोन किलोमीटरच्या आतले मुलांचे रस्ते पाहावेत, त्यांतले वाईटात वाईट दोन-तीन चौक शोधावेत आणि ते आधी दुरुस्त करावेत. मधली सरळ पट्टी नंतर.

चाचणी शंकू लावून करावी आणि मोजणी दोन गोष्टींची करावी: गाडी आणि सायकल अगदी थोडक्यात वाचण्याचे प्रसंग किती, आणि सायकलवर मुली किती. दुसरा आकडा जास्त बोलका आहे. धाडसी पोरगा कुठल्याही रस्त्यावर सायकल घालतो; मुलीला सायकल देताना आईबाप रस्ता पाहतात.

आणि वेळ साधावी. आपल्याकडे डांबरीकरणाची कामं पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे निघतात. रस्ता उकरलेलाच असतो, पट्टे नव्याने मारायचेच असतात, तेव्हा कोपरा आवळणं किंवा थांबारेषा पुढे सरकवणं जवळजवळ फुकटात होतं. त्यासाठी चौकाचा नकाशा निविदेलाच जोडलेला असावा लागतो, आणि निविदेचे कागद पावसाळ्यातच तयार होतात.